महाराष्ट्राचा क्रिकेट-संघ : इतिहास व बोध

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तहनामे एवढेच आमच्या विद्यार्थिमित्रांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु मनुष्याचे शील जसे रणांगणावर प्रकट होते तसे ते क्रीडांगणावरही प्रकट होते; आणि एखाद्या प्रांताने आपला संघ कसा उभारला, त्यात कोणास घेतले व कोणास दूर ठेवले, जय कसा भोगला व पराजय कसा सोसला, हे पाहिले असता त्या प्रांताच्या मनाचा इतिहास आपोआप हाती लागतो. या दृष्टीने महाराष्ट्राच्या क्रिकेट-संघाची हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे. पूर्वी आपल्याकडे या खेळास चेंडूफळी म्हणत. आज 'क्रिकेट' हाच शब्द लहानथोरांच्या तोंडी रुळला आहे, म्हणून आम्हीही तोच वापरतो.

१. संघाची ओळख

प्रथम एक गोष्ट ध्यानात धरावी. आजच्या महाराष्ट्र राज्यात क्रिकेटचे तीन निरनिराळे संघ आहेत : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. यांपैकी 'महाराष्ट्र' या नावाने जो संघ ओळखला जातो त्याचे मुख्य ठाणे पुणे असून सोलापूर जिल्हा, अर्थात आपले पंढरपूरही, त्याच्याच क्षेत्रात मोडते. तेव्हा या संघाचा जय तो आपला जय, व त्याची हार ती आपली हार.

प्रांताप्रांतांतील संघांची जी स्पर्धा रणजी करंडक या नावाने प्रसिद्ध आहे ती १९३४-३५ च्या हंगामात सुरू झाली. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी करंडक दिला आणि १९३३ साली दिवंगत झालेले विख्यात खेळाडू रणजितसिंहजी यांचे नाव त्यास मिळाले. या स्पर्धेचे महत्त्व आजच्या मुलांस चटकन कळावयाचे नाही. तोपर्यंत मुंबईस जे मोठे सामने होत ते हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन अशा जातवार संघांमध्ये होत. पुढे ख्रिस्ती, यहुदी इत्यादिकांचा मिळून 'इतर' या नावाचा पाचवा संघ त्यांत आला. रणजी स्पर्धेत मात्र प्रश्न एवढाच, की तू कोणत्या प्रांताचा? तू कोणत्या देवळात, मशिदीत वा चर्चमध्ये जातोस, हे तेथे कोणी पुसत नसे.

२. पाया घालणारे

महाराष्ट्राच्या संघाचा जन्म होण्यापूर्वीच पुण्याच्या मैदानावर एका थोर गोलंदाजाने या भागाचे नाव देशोदेशी नेले होते. त्याचे नाव बाळू पालवणकर. १८७६ साली जन्मलेला हा चर्मकार समाजातील मुलगा पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यात मैदानाची निगा राखण्याचे काम करी. जाळ्यात साहेबांस सराव देता देता त्याच्या डाव्या हाताचा फिरकी चेंडू असा तयार झाला की पुण्यातील हिंदू खेळाडूंस त्याला आपल्या संघात घेतल्यावाचून गत्यंतर उरले नाही. परंतु घेतले ते कसे? मैदानावर ज्या चेंडूस बाळूचा हात लागे तोच चेंडू इतर खेळाडू बिनदिक्कत झेलीत. मात्र चहाची वेळ झाली की बाळूला चहा बाहेर, निराळ्या मातीच्या पात्रातून मिळे. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता!

बाळूने आपले उत्तर खेळाने दिले. १९११ साली जो हिंदी संघ इंग्लंडास गेला त्यात त्याने सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले. तथापि कर्णधारपद त्याच्या वाट्यास आले नाही. १९२० साली पालवणकर बंधूंची योग्यता डावलून कर्णधार नेमला गेला, तेव्हा विठ्ठल व शिवराम या त्याच्या धाकट्या भावांनी संघातून माघार घेतली. अखेर १९२३ साली हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद विठ्ठल पालवणकर यांस मिळाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली तो संघ विजयी झाला.

आमच्या गावच्या मुलांस हे सांगताना आम्हांस १९४७ सालचे स्मरण होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात साने गुरुजींनी याच पंढरपुरात, विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांस खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले आणि दार उघडले गेले. विठ्ठल नावाचा चर्मकार खेळाडू मुंबईच्या मैदानावर कर्णधार झाला त्यास तोवर चोवीस वर्षे लोटली होती. दोन्ही दारे एकाच जातीच्या अडसराने बंद होती. एक खेळाने उघडले, दुसरे तपाने. आणि दोन्ही वेळी कोणास तरी अपमान गिळून उभे राहावे लागले.

३. प्राध्यापक देवधर व दोन विजय

रणजी स्पर्धेच्या पहिल्या दोन हंगामांत करंडक मुंबईने नेला. मुंबईपाशी मैदाने होती, पैसा होता, मोठमोठ्या सामन्यांची सवय होती. महाराष्ट्रापाशी काय होते? महाराष्ट्रापाशी एक संस्कृतचा प्राध्यापक होता.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यास झाला. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवीत. १९२६ साली गिलिगन यांचा इंग्रजी संघ हिंदुस्थानात आला असता मुंबईच्या सामन्यात देवधरांनी १४८ धावा काढल्या, आणि आपले लोक इंग्रजांशी बरोबरीने खेळू शकतात असा विश्वास पुष्कळांस तेव्हा वाटू लागला. परंतु हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला तो १९३२ साली. तोवर देवधरांची चाळिशी आली होती. कसोटी सामना खेळण्याचा मान त्यांस कधीच मिळाला नाही. दुसरा कोणी असता तर खेळाची बॅट खुंटीस टांगून पोथ्यांकडे वळला असता. देवधरांनी तसे न करता तरुणांचा संघ बांधावयास घेतला.

१९३९-४० च्या हंगामात महाराष्ट्राने पुण्याच्या मैदानावर अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव केला व करंडक प्रथमच पुण्यास आणला. पुढच्या हंगामात मुंबईशी गाठ पडली. मुंबईने ६५० धावांचा डोंगर रचला. महाराष्ट्राने ६७५ धावा करून तो ओलांडला. आणि त्यांतील २४६ धावा अठ्ठेचाळीस वर्षांच्या कर्णधाराच्या, म्हणजे खुद्द देवधरांच्या होत्या. त्याच हंगामात उत्तर हिंदुस्थानाविरुद्ध महाराष्ट्राने एका डावात ७९८ धावा केल्या. अंतिम सामन्यात मद्रासचा मद्रासेतच सहा गडी राखून पराभव झाला आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षी करंडक महाराष्ट्राकडे राहिला.

देवधर एवढ्यावर थांबले नाहीत. पन्नाशी उलटून गेल्यावर, १९४४-४५ च्या हंगामात, नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनी शतके काढली. वयाची शंभर वर्षे पुरी करून २४ ऑगस्ट १९९३ रोजी ते दिवंगत झाले. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने देवधर करंडकाची स्पर्धा सुरू झाली.

४. विजय हजारे

देवधरांच्या संघातील एका तरुणाविषयी आम्हांस विशेष ममत्व वाटावे हे साहजिक आहे, कारण तो आमच्या मराठी ख्रिस्ती समाजातील होता. विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीस एका शिक्षकाच्या घरी झाला. १९३९-४० च्या हंगामात त्यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेतील हे पहिले त्रिशतक होय. पुढे ते बडोद्याकडून खेळू लागले.

डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत 'इतर' संघाची हिंदूंशी अंतिम गाठ पडली. हिंदूंनी ५८१ धावा केल्या होत्या. 'इतर' संघाचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात संघाच्या एकूण ३८७ धावा झाल्या, त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! त्यांचे बंधू विवेक हजारे यांनी त्यांस साथ दिली. दोघांच्या भागीदारीत ३०० धावा झाल्या आणि त्यांत विवेकचा वाटा अवघा २१ धावांचा होता. संघ एक डाव व ६१ धावांनी हरला. आम्ही वर्गात हा सामना सांगतो तेव्हा मुले ३०९ हा आकडा तेवढा लक्षात ठेवतात; आम्ही त्यांस २१ हा आकडाही पाठ करावयास सांगतो. ज्याने समोरचे टोक धरून ठेवले नसते तर त्रिशतकही झाले नसते, त्याचे नाव जगाच्या ध्यानात राहत नाही. परंतु त्यावाचून काम तर अडते! घरोघर असे विवेक असतात. थोरला भाऊ शिकावा म्हणून शेतावर राबणारा धाकटा भाऊ, किंवा मुलाची फी भरता यावी म्हणून जुने लुगडे वापरणारी आई, यांचीही धावसंख्या फलकावर लागत नाही.

हजाऱ्यांनी जानेवारी १९४८ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे एकाच कसोटी सामन्यात ११६ व १४५ अशी दोन शतके काढली. असे करणारे ते पहिले भारतीय. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने इंग्लंडचा पराभव करून आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. स्वभावाने ते अत्यंत अबोल. १८ डिसेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले. आमच्याच समाजातील दुसरे नामांकित खेळाडू चंदू बोर्डे. १९३४ साली पुण्यात जन्मलेल्या बोर्ड्यांनी महाराष्ट्राचीही सेवा केली आणि भारताकडून ५५ कसोटी सामने खेळून ३,०६१ धावा काढल्या.

५. १९४८-४९ : एकाच हंगामातील दोन गोष्टी

आता या संघाच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंगाकडे वळू. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास महाराष्ट्र व काठेवाड यांचा सामना झाला. काठेवाडचा डाव २३८ धावांत संपला. महाराष्ट्राकडून कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर फलंदाजीस आले. त्यांनी व भांडारकरांनी मिळून दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भर घातली. भांडारकर २०५ धावांवर बाद झाले. निंबाळकर खेळतच राहिले. संघाच्या धावा झाल्या चार बाद ८२६ आणि निंबाळकरांच्या नाबाद ४४३. त्या काळी एका डावातील वैयक्तिक धावांचा जागतिक उच्चांक ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमन यांचा ४५२ होता. आणखी दहा धावा झाल्या असत्या म्हणजे तो मान एका मराठी माणसाकडे आला असता.

पण विश्रांतीच्या वेळी काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला. आपल्या संघाविरुद्ध असा उच्चांक झाल्याची नोंद राहावी हे त्यास रुचले नाही. सामना सोडून तो संघ चालता झाला! ब्रॅडमन यांनी निंबाळकरांच्या खेळाचे मुक्तकंठाने कौतुक केले. मात्र भारताच्या कसोटी संघात निंबाळकरांस कधीही स्थान मिळाले नाही. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीच्या सामन्यातील सर्वोच्च धावसंख्या म्हणून ४४३ हा आकडा पुढे कित्येक दशके अढळ राहिला. निंबाळकर ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापूर येथे वारले.

याच हंगामात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यासच महाराष्ट्राची उपांत्य सामन्यात मुंबईशी गाठ पडली. मुंबईने पहिल्या डावात ६५१ व दुसऱ्यात आठ बाद ७१४ धावा केल्या. महाराष्ट्राने ४०७ व ६०४. एकूण २,३७६ धावा, नऊ शतके! दुसऱ्या डावात विजयासाठी महाराष्ट्रास ९५९ धावा हव्या होत्या. एवढ्या धावा होणे नाही हे मैदानावरील पोरासोरांसही कळत होते. तरी महाराष्ट्राचे गडी पळून गेले नाहीत. ते खेळले, ६०४ धावांपर्यंत गेले, आणि ३५४ धावांनी हरले.

विद्यार्थिमित्रहो, हे दोन सामने शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात प्रतिपक्षाने हार टाळण्यासाठी मैदान सोडले आणि आपले नाव कायमचे उणे करून घेतले. दुसऱ्यात आपल्या संघाने निश्चित हार डोळ्यांसमोर दिसत असता मैदान धरून ठेवले. परीक्षेस बसण्यापूर्वीच 'आमचे गणित जमत नाही' म्हणून कोरी उत्तरपत्रिका देणाऱ्या मुलांनी या दुसऱ्या सामन्याचा धावफलक वहीत उतरून घ्यावा.

६. करंडकाविना वर्षे

१९४०-४१ च्या विजयानंतर महाराष्ट्राने १९७०-७१, १९९२-९३ व २०१३-१४ या तीन हंगामांत अंतिम सामना गाठला. पहिल्या खेपेस मुंबईने ४८ धावांनी, दुसऱ्या खेपेस पंजाबने १२० धावांनी, तर तिसऱ्या खेपेस कर्नाटकाने सात गडी राखून आपला पराभव केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये, हजाऱ्यांच्याच नावे चालणाऱ्या एकदिवसीय स्पर्धेत, ऋतुराज गायकवाड याने उत्तर प्रदेशाविरुद्ध एका षटकात सात षटकार मारून साऱ्या जगास चकित केले. परंतु त्याही स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राने महाराष्ट्रास हरविले.

मधल्या काळातील एक प्रसंग येथे नमूद केलाच पाहिजे. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईस दिल्लीविरुद्ध खेळताना कर्णधार स्वप्नील गुगळे (नाबाद ३५१) व अंकित बावणे (नाबाद २५८) यांनी तिसऱ्या गड्यासाठी अभंग ५९४ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील सर्वांत मोठ्या भागीदारीचा जागतिक उच्चांक तेव्हा ६२४ धावांचा होता. केवळ एकतीस धावा उरल्या असता गुगळे याने आपला डाव घोषित केला, कारण दिल्लीचे गडी बाद करावयास वेळ हवा होता. दिल्लीनेही ५९० धावा केल्या आणि सामना अनिर्णित राहिला. निंबाळकरांचा उच्चांक दुसऱ्याच्या कोत्या मनामुळे हुकला होता. हा उच्चांक कर्णधाराने स्वतःच्या हातांनी सोडला. पहिल्याची आम्हांस हळहळ वाटते, दुसऱ्याचा अभिमान.

७. आपल्या जिल्ह्याचा व मुलींचा वाटा

'हे सारे पुण्याकोल्हापूरचे झाले, आमचे काय?' असे कोणी म्हणेल. त्यांनी जाणावे की कसोटी सामन्यात भारताकडून पहिले द्विशतक काढणारे पॉली उम्रीगर यांचे जन्मस्थान सोलापूर होय, जरी ते खेळले मुंबईकडून. २०१३-१४ च्या ज्या हंगामात महाराष्ट्र अंतिम सामन्यापर्यंत गेला त्यात सर्वाधिक, म्हणजे १,२२३ धावा काढणाऱ्या केदार जाधवाचे घराणे आपल्या शेजारच्या माढा तालुक्यातील. सोलापूरच्या इंदिरा गांधी मैदानावर जानेवारी २०२४ मध्ये रणजी सामना भरला होता.

आणि ज्या पालकांस खेळ हे केवळ मुलग्यांचे काम वाटते त्यांच्यासाठी एक उदाहरण. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना हिने ऑक्टोबर २०१३ मध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, महाराष्ट्राच्या मुलींच्या संघाकडून गुजरातविरुद्ध नाबाद २२४ धावा काढल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय स्त्री. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईस भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा ती संघाची उपकर्णधार होती. देवधरांच्या काळी मुलींनी मैदानावर उतरावे ही कल्पनाही कोणास रुचली नसती. आजही आमच्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळी किती मुली दिसतात, याचा विचार पालकांनी घरी बसून शांतपणे करावा.

८. बोध

पंढरपूरच्या मुलांस संघ म्हणजे काय हे वास्तविक पुस्तकातून शिकविण्याची गरज नाही. आषाढीस आपल्या दारांवरून दिंड्या जातात. प्रत्येक दिंडीचा क्रम ठरलेला, विणेकऱ्याची जागा ठरलेली, टाळकऱ्यांची ओळ ठरलेली. एकाचा टाळ चुकला तर साऱ्यांचा ठेका बिघडतो. म्हणून कोणी आपलाच टाळ मोठ्याने वाजवीत नाही. खेळाचा संघही असाच चालतो. संत पौलानेही आपल्या पत्रांत शर्यतीत धावणाऱ्यांचा दृष्टांत घेऊन सांगितले आहे की जो स्पर्धेस उतरतो तो सर्व गोष्टींत संयम राखतो. टाळकऱ्याचा संयम व धावकऱ्याचा संयम निराळा नव्हे.

करंडक दोनदाच मिळाला, म्हणून हा इतिहास लहान मानू नये. बाळूने अपमान सोसून चेंडू टाकला, देवधरांनी स्वतःस न मिळालेला मान तरुणांस मिळवून दिला, विवेक हजाऱ्याने भावासाठी टोक धरले, गुगळ्याने संघासाठी उच्चांक सोडला. आमच्या शाळेच्या संघात पुढील वर्षी जी मुले निवडली जातील त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे, की सामना संपल्यावर पाणी पिताना आपल्यापैकी कोणी बाजूला उभा तर राहिला नाही ना, हे आधी पाहा. धावा मग मोजा.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. रणजी स्पर्धा व तिच्यापूर्वीचे जातवार सामने यांतील मुख्य भेद कोणता?

२. डिसेंबर १९४८ व मार्च १९४९ च्या सामन्यांत मैदान कोणी सोडले व कोणी धरले? तुमच्या मते खरी हार कोणाची?

३. तुमच्या घरातील 'एकवीस धावा' काढणाऱ्या एका व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा, आणि त्या व्यक्तीस वाचून दाखवा.